अर्धा कोट

१

अकरा वाजता पडदा वर सरकला आणि फुटपाथवरच्या टाळ्या मध्येच थांबल्या.

काचेआड, दिव्यांच्या लखलखाटात पुतळा उभा होता आणि समोरून त्याच्या अंगावर काहीच नव्हतं. खांद्यांवरून पाठीमागे काळं कापड लोंबत होतं. पुढे मात्र गळ्यापासून घोट्यापर्यंत नुसतं फोमचं पांढरं अंग. ज्या कोटासाठी पत्रकार सकाळपासून ताटकळत होते, त्याचा पुढचा भागच गायब होता. छायाचित्रकारांनी वर केलेले कॅमेरे क्षणभर तसेच राहिले. मग एकाने फोटो काढला, आणि एकाने काढल्यावर बाकीचे कशाला मागे राहतात.

खिडकीताईच्या तोंडचं पाणी पळालं. हे नाव तिला दुकानाने दिलं होतं. या महागड्या दुकानाच्या दर्शनी खिडक्या ती अकरा वर्षं सजवत होती. शेकडो पुतळ्यांना तिने कपडे चढवले होते, स्वतःसाठी चार कपडे घ्यायला मात्र तिला कधी सवड झाली नव्हती. खिडकीत काही बिघडलं की बोट तिच्याकडे जाणार हे ठरलेलं होतं.

आणि आज बिघडलं होतं ते काही साधंसुधं नव्हतं. शंभर वर्षांचं दुकान आणि परदेशात शिकून आलेला नामांकित डिझायनर यांच्या भागीदारीचा हा कोट होता. डिझायनरच्या तोऱ्यामुळे पाठीमागे सगळे त्याला राजेसाहेब म्हणत. कोट एकच, काळा, पायघोळ, बिनबाह्यांचा आणि बिनअस्तराचा. पाठ जवळपास कोरी, खाली घेरालगत एक वेल तेवढी. पण पुढचे दोन्ही भाग लाल रेशमाने इंच न् इंच भरलेले. ते भरले होते आत्याने. दुकानाच्या भरतकामाच्या खोलीची ती प्रमुख, सगळ्या दुकानाची आत्या आणि खिडकीताईची सख्खी. आई गेल्यावर तिनेच खिडकीताईला वाढवलं, आणि दोघी अजूनही एकाच घरात राहत होत्या. काचेवर सोनेरी अक्षरांत राजेसाहेबांचं नाव होतं आणि खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, आत्याचं. भरतकाम करणारीचं नाव काचेवर लागण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि तसा हट्ट खुद्द राजेसाहेबांनी धरला होता.

मालकीणबाई कधी आवाज चढवत नसत. आताही त्या एवढंच म्हणाल्या, "पडदा खाली घ्या."

खिडकीत जायला दुकानातून एकच छोटं दार. काल संध्याकाळी सहाला मालकीणबाई, राजेसाहेब, आत्या आणि खिडकीताई या चौघांनी दारातून कोट पाहिला होता, दार बंद केलं होतं, आणि राजेसाहेबांच्या सूचनेवरून फटीवर चिकटपट्टी लावून चौघांनी तिच्यावर सह्या केल्या होत्या. सकाळी पट्टी जशीच्या तशी होती. किल्ली एकच, ती खिडकीताईच्या कमरेला. पडदा तर दुकानातल्या बटणावर चालायचा.

तिने पट्टी कापली, चपला काढल्या आणि आत शिरली. कोट फाडलेला नव्हता. खांद्यांच्या आणि कुशींच्या शिवणी टाक्याटाक्याने उसवल्या होत्या आणि पुढचे दोन्ही भाग अलगद काढून नेले होते. उरलेली पाठ घसरू नये म्हणून दोन्ही खांद्यांवर टाचण्या लावल्या होत्या. मग तिचं लक्ष त्या टाचण्यांकडे गेलं.

खिडकी सजवणारे टाचणी सरळ फोममध्ये खुपसतात. या टाचण्या कापडातून दोनदा आतबाहेर काढून टोक पुन्हा कापडात लपवलेलं होतं, म्हणजे वरून हात फिरवला तरी टोचू नये. अशी टाचणी फक्त एका खोलीत लावत, आत्याच्या. तिथे नव्या माणसाला सुईआधी ही टाचणी शिकावी लागे. खिडकीताईने फार विचार केला नाही. एका खांद्यावरच्या टाचण्या तिने भराभर उपसल्या आणि आपल्या पद्धतीने खुपसल्या. दुसऱ्या खांद्याकडे हात नेला तोच दारातून मालकीणबाईंचा आवाज आला, "कशालाही हात लावू नकोस."

२

विमा कंपनीच्या तपासनीस बाई बाराच्या ठोक्याला हजर झाल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, सर्दीने बेजार, आणि पायाला कुरुपं. खिडकीत जाताना पादत्राणं काढावी लागतात हे कळल्यावर त्यांना मनापासून आनंद झाला. त्यांनी बूट काढले ते दिवसभर परत घातलेच नाहीत.

मालकीणबाईंनी त्यांच्यासमोरच हिशेब स्पष्ट केला. चार वाजेपर्यंत नाव कळलं तर ठीक, नाहीतर पोलिस. आणि पोलिसांना त्या एकच नाव देणार होत्या. किल्ली जिच्याकडे, चिकटपट्टीचं रीळ जिच्या कपाटात, रात्री सगळ्यांच्या मागून बाहेर पडते जी, तिचं. सह्या काय, सह्या गिरवता येतात. खिडकीताईने ऐकून घेतलं. या रस्त्यावरची सगळी दुकानं एकमेकांना ओळखतात. एकदा चोर ठरली की तिला कुणी पुतळ्याची धूळ पुसायलाही ठेवणार नव्हतं.

तपासनीस बाई पुतळ्याभोवती दोनदा फिरल्या, नाक पुसलं आणि खिडकीच्या जमिनीवर चक्क मांडी घालून बसल्या. मग त्यांनी खिडकीताईला दारात जाऊन उभं राहायला सांगितलं.

"तिथून काय दिसतंय?"

"पुतळा."

"अंगावर काय आहे?"

खिडकीताईने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. दारातून कोट दिसत होता. अख्खा, काळाभोर, खांद्यावरून जमिनीपर्यंत नीट पडलेला. पुतळ्याचं तोंड रस्त्याकडे आणि पाठ दाराकडे, ती नेहमी तशीच असते. खिडकीतलं सगळं रस्त्यासाठी उभं केलेलं असतं. अकरा वर्षं ती हे करत होती आणि तिच्याच डोक्यात हे आलं नव्हतं.

"काल सहाला तुम्ही चौघांनी हीच पाठ पाहिलीत," तपासनीस बाई म्हणाल्या. "चिकटपट्टी लावली तेव्हा हा कोट अर्धाच होता. रात्रीचं कुणी आत आलंच नाही."

खिडकीताईच्या जिवात जीव आला. पण तो फार वेळ टिकला नाही.

"आता मला एक सांगा, ताई," बाई तशाच बसल्या बसल्या म्हणाल्या. "उजव्या खांद्यावरच्या टाचण्या एका हाताच्या आहेत आणि डाव्यावरच्या दुसऱ्या. उजव्यावरच्या तुमच्या. डाव्यावरच्या कुणाच्या?"

३

तिने माहीत नाही म्हणून सांगितलं. तिला खोटं बोलता येत नसे, आणि बाईंना ते लगेच कळलं असणार, पण त्यांनी ताणून धरलं नाही. त्यांनी फक्त काल चारपासून सहापर्यंत काय काय झालं ते विचारलं.

चार वाजता कोट चढवून झाला. पडद्याला डोळ्यांच्या उंचीवर एक झडप होती. ती आतून उघडायची, बाहेर रस्त्यावर जायचं आणि रस्त्यावरच्या माणसाच्या नजरेने खिडकी पाहायची, ही तिची पद्धत. काल तिने तसंच पाहिलं. कोट पूर्ण होता आणि सुंदर दिसत होता. तोवर आत साधी ट्यूबलाइट होती, कारण खिडकीचे मोठे दिवे फार तापतात आणि ते अगदी शेवटी लावतात. ते लागल्यावर पुन्हा एकदा बाहेरून पाहायचं असतं. पण तेवढ्यात मालकीणबाईंनी पाहुण्यांच्या खुर्च्यांसाठी तिला वर बोलावलं, आणि राजेसाहेब म्हणाले, दिवे मी बघतो, तुम्ही जा. ती गेली. ही तिची चूक होती, आणि हे सांगताना तिची मान खाली गेली.

त्यानंतर आत तीन माणसं गेली होती. साडेचारला वायरमन. पावणेपाचच्या सुमाराला राजेसाहेब, जवळजवळ अर्धा तास एकटे. मोठे डिझायनर शेवटचा हात फिरवायला असे एकटे जातातच, त्यांना कुणी हटकत नाही. आणि साडेपाचला आत्या, पाठीच्या घेरावरची वेल एका जागी सुटली होती ती टाचायला, पाचच मिनिटं. ती दाराशीच बसून उठली होती.

वायरमन आला तो रागातच. तो आत शिडीवर, पुतळ्याच्या मागे, आणि राजेसाहेब बाहेर झडपेशी, असं काम चाललं होतं. एकेक दिवा लावायचा आणि ओरडून विचारायचं, कसं दिसतंय. पहिल्या दोन दिव्यांना बाहेरून छान म्हणून उत्तर आलं. सगळे दिवे लागल्यावर काहीच आलं नाही. याने दोनदा हाक मारली. बऱ्याच वेळाने राजेसाहेब म्हणाले, बंद करा. एवढे महागाचे दिवे बसवले आणि कौतुकाचा एक शब्द नाही, हे त्याला चांगलंच लागलं होतं. शिवण, टाके, टाचण्या यांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

राजेसाहेब पायाशी आपली मोठी, काळी, चपटी चित्रांची बॅग टेकवून बसले आणि थोडक्यात बोलले. त्यांनी कॉलर सारखी केली, झडप लावली आणि बाहेर आले. सगळं जागच्या जागी होतं. उसवणं वगैरे त्यांना विचारू नये. "मी सुईला हात लावत नाही. मी कागदावर काढतो." हे मात्र जगजाहीर होतं. त्यांच्या शर्टाचं बटण तुटलं तर शर्टच बदलावा लागतो, हा दुकानातला जुना विनोद होता.

ते गेल्यावर तपासनीस बाईंनी उसवलेली कड बोटावरून फिरवली. चार लांब शिवणी, आणि कापडाला कुठे साधा ओरखडा नाही. त्यांची आई शिवणकाम करायची, त्यामुळे हे त्यांना कळत होतं. मुरलेल्या हातालाही याला वीस-पंचवीस मिनिटं लागणार. खिडकीताई मनातल्या मनात एकेक नाव गाळत होती. वायरमनला शिवण कळत नाही, राजेसाहेबांना सुई धरता येत नाही, आणि डाव्या खांद्यावर ती टाचणी. उरलेलं नाव तिला मनातही घ्यायचं नव्हतं.

ते तिला घ्यावं लागलं नाही. दारात आत्या येऊन उभी होती, आणि ती कधीपासून उभी होती कोण जाणे.

"पोरीला सोडा," आत्या म्हणाली. "ते मी केलं."

४

मालकीणबाई खुर्चीत बसल्या. खिडकीताईला मात्र बसायलाही सुचलं नाही.

आत्या शांतपणे सांगत होती. काम मनासारखं उतरलं नव्हतं म्हणून काढून टाकलं. हो, एकटीने. पाच मिनिटांत कसं झालं? तिचा हात चालतो. टाचण्या? तिने खिडकीत येऊन डाव्या खांद्यावर बोटं फिरवली आणि मान हलवली, या आपल्याच खोलीतल्या. काढलेले भाग कुठे आहेत? जाळून टाकले.

"आठ महिन्यांचं काम?" मालकीणबाईंना धक्काच बसला.

"माझंच होतं."

"मनासारखं म्हणजे नेमकं काय उतरलं नव्हतं?" तपासनीस बाईंनी विचारलं.

आत्या थांबली.  नाहीच उतरलं, एवढंच ती म्हणाली.

तपासनीस बाईंनी तिला पुढे काही विचारलं नाही. भरतकामाची खोली पाहायची आहे म्हणून त्या सगळ्यांना, राजेसाहेबांनासुद्धा, घेऊन तळघरात गेल्या. खोलीला खिडकी नव्हती, डोक्यावर ट्यूबलाइट होत्या. कोट हे गुपित असल्याने तो इथून बाहेर काढायचा नाही असा मालकीणबाईंचा हुकूम होता. आठ महिने तो याच उजेडात होता, आणि इथून कपड्यात गुंडाळून थेट पडदा पाडलेल्या खिडकीत गेला होता.

बाईंनी लाल रेशीम मागितलं. मदतनीस मुलीने दोन लड्या काढून दिल्या. पहिला साठा चौथ्या महिन्यात संपला होता, नंतरचा रंगाऱ्याकडून नव्याने आणवला होता. ट्यूबखाली दोन्ही लड्या सारख्याच लाल दिसत होत्या.

"नवी लडी आली की तुमच्याकडे काय करतात?" बाईंनी खिडकीताईला विचारलं.

हे तिला लहानपणापासून पाठ होतं. जुन्या आणि नव्या दोन्ही लड्या मागच्या दारात, दिवसाच्या उजेडात नेऊन शेजारी धरायच्या. खोलीतल्या उजेडावर कधीच विसंबायचं नाही. हा आत्याचाच नियम, आणि तो मोडणारीला तिने एकदा दोन दिवस कामाला हात लावू दिला नव्हता. या वेळीही ती स्वतः दारात गेली होती, बाकीच्यांनी आपापल्या जागेवरून तिची पाठ तेवढी पाहिली होती. लड्या वर धरून नीट निरखल्या आणि जुळतायत म्हणाली.

तपासनीस बाई अनवाणीच मागच्या दाराकडे निघाल्या. बाकीचे मागोमाग गेले. दार उघडलं, दुपारचं लख्ख ऊन होतं, आणि बाईंनी दोन्ही हात वर केले.

 एका हातात लाल लडी होती. दुसऱ्या हातातली सरळसरळ विटकरी होती. लहान मुलानेही सांगितलं असतं.

बाई आत्याकडे वळल्या. त्यांचा आवाज आता आणखीच मऊ झाला होता. "आत्या, जुळतायत का?"

आत्याने दोन्ही लड्या हातात घेतल्या, डोळ्यांजवळ नेल्या, उजेडाकडे वळवून पाहिल्या. तिने वेळ घेतला. मग आजूबाजूची शांतता तिच्या लक्षात आली असावी, पण तिला उत्तर एकच देता येत होतं.

"जुळतायत," ती म्हणाली.

५

खिडकीताईला कानशिलात बसल्यासारखं झालं. ज्या बाईने तिला रंगांची नावं शिकवली, तिला समोरचे दोन रंग वेगळे दिसत नव्हते. तिने आत्याचा हात धरला. 

"हे मला सगळ्यांसमोर करायचं नव्हतं," तपासनीस बाई म्हणाल्या. "पण त्याशिवाय यांनी कबुली मागे घेतली नसती. आपल्याला जी चूक दिसतच नाही, ती लपवायला कोण चोरी करेल?"

त्या दाराच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी उलगडून सांगितलं. चोराने अख्खा कोट नेला असता. राग काढणाऱ्याने कात्री चालवली असती. इथे कुणीतरी जपून, एक टाकाही न दुखावता, फक्त पुढचे भाग नेले, म्हणजे ते लोकांना दिसू द्यायचे नव्हते. पण आठ महिने कुणाची हरकत नव्हती, चार वाजता खिडकीताईचीही नव्हती. मग चार ते सहामध्ये काय बदललं? दिवे लागले. त्या उजेडात नव्या लडीने भरलेला लाल विटकरी झाला. त्या क्षणी आत्या तळघरात होती, खिडकीताई वर होती, वायरमन कोटाच्या पाठीमागे होता. समोरून पाहणारा माणूस एकच होता, आणि तो पाहता पाहता गप्प झाला.

सगळ्यांच्या माना राजेसाहेबांकडे वळल्या.

"कसं शक्य आहे?" मालकीणबाई म्हणाल्या. "त्यांना बटणसुद्धा लावता येत नाही."

"आत्या, ही टाचणी तुम्ही आजवर किती जणांना शिकवलीत?" तपासनीस बाईंनी विचारलं.

 आत्याने बोटांवर मोजलं. थोरली वारली. दुसरी लग्न होऊन दूर गेली. तिसरी ही, इथे उभी असलेली मदतनीस. चौथ्या बोटाशी ती अडखळली.

"चौथ्याचं नाव सांगायचं नाही असं मी कबूल केलंय," ती म्हणाली.

राजेसाहेबांनी चपटी बॅग उचलली, मागच्या दाराशी असलेल्या टेबलावर ठेवली आणि तिचे बंद सोडले. आत पातळ कागदात गुंडाळलेले दोन लांब भाग होते, लाल भरलेले, एक टाका इकडचा तिकडे न झालेले.

"चौथा मी," ते म्हणाले.

परदेशी शाळेआधीची दोन वर्षं त्यांनी याच तळघरात काढली होती, पोटासाठी. पुढे नाव झाल्यावर ती वर्षं त्यांनी आपल्या माहितीतून गाळून टाकली आणि आत्याकडून गप्प राहायचं वचन घेतलं. काचेवर तिचं नाव लावायचा हट्ट त्यातूनच आला होता, ते त्यांच्या परीने फेडणं होतं. झडपेतून त्यांना ते विटकरी दिसलं. कोट तसाच उभा राहिला असता तर उद्याच्या वर्तमानपत्रात तिच्या नावासकट तिचं हसं झालं असतं. कोट रद्द करायचा तर मालकीणबाईंना कारण द्यावं लागलं असतं. म्हणून त्यांनी वीस वर्षांनी हातात ब्लेड आणि टाचणी घेतली. चिकटपट्टीही त्यांनीच सुचवली. दार मोहोरबंद असलं की आतल्या कुणावर आळ येणार नाही, अशी त्यांची समजूत होती.

"आणि माझ्यावर आला तेव्हा?" खिडकीताईने विचारलं. "सकाळपासून तुम्ही बघत होतात."

 चार वाजायच्या आत बोलणार होतो, असं काहीतरी ते पुटपुटले. ते खरं असेलही.

६

चार वाजता पोलिस आले नाहीत. मालकीणबाईंनी खिडकीताईची सगळ्यांसमोर माफी मागितली, अगदी हात जोडून, आणि किल्ली तिच्याकडेच राहील म्हणून सांगितलं. सकाळपासून जिच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ती गोष्ट अशी एका वाक्यात हाती आली, आणि तिला काहीच वाटलं नाही. तिचं सगळं लक्ष आत्याकडे होतं.

आत्याने ते भाग खिडकीत न्यायला लावले आणि मोठे दिवे लावायला सांगितले. मग जमिनीवर बसून उजवा भाग मांडीवर पसरला.

"कुठून बदललंय, दाखव."

खिडकीताईने तिचं बोट धरून छातीखालच्या एका पानावर ठेवलं. तिथून खाली सगळं विटकरी होतं, आणि या दिव्यांत ते लपत नव्हतं. आत्याचं बोट टाक्यांवरून खाली गेलं, परत वर आलं. टाका कुठेही चुकला नव्हता. वरच्यापेक्षा खालचं काम थोडं सरसच होतं.

"कधीपासून?" खिडकीताईने विचारलं.

"वर्ष झालं. आधी हिरवा गेला, मग हे. डॉक्टर म्हणाले, आता परत यायचं नाही."

"डॉक्टरांकडे कुणाबरोबर गेली होतीस?"

"एकटी गेले. तू खिडकीच्या कामात होतीस."

तेव्हा खिडकीताईला एकदम कळलं. गेलं वर्षभर रोज सकाळी आत्या कपाटासमोर उभी राहून तिला हाक मारायची, यातला कुठला घालू ते तूच सांग. आपली पसंती तिला आवडते असं समजून ती मोठ्या तोऱ्यात निवडून द्यायची, वर चिडवायचीही, की या वयात हिला नटायला पाहिजे. रंगांचा धंदा करणारी बाई, एका छताखाली राहून तिला एवढं दिसलं नव्हतं. तिला हुंदका आला तो तिने आवरला नाही.

आत्याने तिला रडू दिलं. मग ती राजेसाहेबांकडे वळली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिचा आवाज कडक झाला.

"तुला दिसलं, तर माझ्याकडे यायचं होतंस. दहा पायऱ्या खाली होते मी."

"तुमची फजिती होऊ नये म्हणून..."

"माझ्या चुकीचं काय करायचं ते मी ठरवलं असतं. तू मला न विचारता माझं काम उसवलंस. हे मी तुला शिकवलं नव्हतं." तिने सुईची डबी त्याच्या पुढ्यात सरकवली. "बस खाली. जसं होतं तसं शीव."

त्याने मालकीणबाईंकडे पाहिलं.  मग आपल्या अंगातला महागडा कोट काढून तो जमिनीवर बसला आणि सुईत दोरा ओवायला लागला, आणि पहिल्याच प्रयत्नात ओवला. काम दीड तास चाललं. आत्या प्रत्येक शिवणीवरून हात फिरवत होती. एके ठिकाणी तिने दोन टाके परत घालायला लावले.

कोट पुन्हा पुतळ्याच्या अंगावर चढला तेव्हा त्यात दोन लाल होते, एक वरचा आणि एक खालचा, आणि ते बघायला कुणाला चष्मा लागणार नव्हता. मालकीणबाई म्हणाल्या की काचेवरचं नाव हवं तर आत्ता खरवडून काढता येईल. त्या हे मायेनेच म्हणाल्या.

"नाव राहू दे," आत्या म्हणाली. "काम माझं आहे आणि चूकही माझीच आहे. पोरी, पडदा वर घे."

खिडकीताईने मालकीणबाईंची वाट पाहिली नाही. तिने दुकानात जाऊन बटण दाबलं. बाहेर संध्याकाळची माणसं घरी चालली होती. दोघीतिघी थांबल्या, काचेजवळ आल्या आणि कोटाकडे बोट दाखवून आपसात काही बोलायला लागल्या.

"काय म्हणतायत?" आतून आत्याने विचारलं.

काचेतून ऐकू येत नव्हतं. तिने तसं सांगितलं, आणि परत जाऊन आत्याच्या शेजारी बसली.